आईचे उपचार आणि लेकरांची ताटातूट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: ताई, माझी लहान बहीण ३३ वर्षांची आहे, मुलगी ९ वर्षांची, मुलगा २ वर्षांचा. दुसऱ्या बाळंतपणानंतर काय झालं कोणास ठाऊक, आधी झोप येत नाही म्हणून रात्री थोडी थोडी घ्यायची, आता दुपारपासूनच पिऊन राहिली. वॉशिंग मशीनच्या मागे बाटल्या सापडल्या. सकाळी हात थरथरतात, चहाचा कप धरता येत नाही. जावयांनी एक सेंटर पाहून ठेवलं, ६ महिने ठेवायचं म्हणतात, पहिले ३ महिने फोन नाही, भेट नाही. मुलं अमरावतीला आजीकडे पाठवायची. तिच्या सासूबाई म्हणतात आधी सोडून दाखव, मग लेकरांचं तोंड पाहा. बहीण म्हणते लेकरं नेली तर जीव देईन, आणि सेंटरचं नाव काढलं की दार लावून घेते. बाहेर कोणाला सांगायची लाज वाटते. काय करू? — मोठी बहीण, मानेवाडा

उत्तर: ताई, "जीव देईन" हे वाक्य धमकी समजून सोडून देऊ नका, दारू पोटात असताना माणूस एरवी करणार नाही ते करून बसतो. आजच तिला सरळ विचारा की मरायचे विचार येतात का. विचारल्याने असे विचार डोक्यात येत नाहीत, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मन मोकळं होतं. तिला एकटी ठेवू नका, गोळ्या-फिनाईल कुलपात टाका आणि १४४१६ वर टेली मानसला फोन लावा, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत.

आता ते थरथरणारे हात. याचा अर्थ शरीराला दारूची सवय लागली आहे, आणि अशा माणसाने एकदम सोडली तर शेवटचा घोट घेतल्यापासून ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, यात जीवही जातो. म्हणून सासूबाईंची "आधी सोडून दाखव" ही अट जिवावर बेतू शकते, हे त्यांना आणि जावयांना स्पष्ट सांगा. खोलीत कोंडून सोडवायचा प्रयोग तर अजिबात नको. आपल्या नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत न्या, मिहानचं एम्स आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात, पण व्यसनाचे उपचार तिथेही होतात. दारू उतरवायच्या काळात डॉक्टर औषधं देतात आणि ती हळूहळू कमी करत नेतात, सोबत बी-वन व्हिटॅमिन देतात, साधारण आठवडाभराचं काम असतं. आणि डॉक्टरांना हे नक्की सांगा की सगळं बाळंतपणानंतर झोप उडण्यापासून सुरू झालं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन कोणी ओळखलंच नाही आणि तिने आपल्या परीने दारूने झोप आणली, असं असू शकतं, आणि तसं असेल तर नुसती दारू उतरवून काही होणार नाही, त्या डिप्रेशनचे उपचार सोबतच व्हायला पाहिजेत.

आता मुलांचं. ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच. बहीण उपचाराला नाही म्हणत नाहीये, ती लेकरं जातील या भीतीने दार लावून घेते आहे. बाईच्या बाबतीत हे फार होतं. पुरुष भरती झाला तर घरी बायको मुलं सांभाळते आणि डबा घेऊन भेटायला जाते, बाई भरती झाली की तिचं आईपणच संपलं असं सगळे वागतात. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बाया १.६ टक्के आल्या, त्यामुळे आपल्याकडची बहुतेक सेंटरं पुरुष डोळ्यापुढे ठेवूनच उभी राहिली, तिथे पाळणा नाही, मुलांना बसायला जागा नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये बायांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे, अशी सोय सगळीकडे नाही. अमेरिकेत काही केंद्रांमध्ये आई आणि मुलं एकत्र राहतात, आईचा ग्रुप सुरू असताना मूल तिथल्याच पाळणाघरात, मुलांची तपासणी आणि समुपदेशनही तिथेच, आणि सरकारी देखरेखीखाली असलेलं मूल अशा केंद्रात आईसोबत ठेवलं तर १२ महिन्यांपर्यंतचा खर्च तिथलं केंद्र सरकार देऊ शकतं असा कायदा २०१८ मध्ये झाला. मूल जवळ असलं की आई मध्येच उपचार सोडून पळत नाही आणि मुलाकडेही वेळेत लक्ष जातं, या विचाराने ही पद्धत उभी राहिली.

आपल्या कायद्यातही याची सोय आहे, फक्त कोणी सांगत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास आजारातच धरतो, आणि त्याच कायद्यात लिहिलंय की उपचारासाठी राहणाऱ्या बाईपासून तिचं ३ वर्षांच्या आतलं मूल सहसा वेगळं करायचं नाही. मुलाला धोका आहे असं डॉक्टरांचं मत पडलं तर तात्पुरतं वेगळं ठेवता येतं, पण तेव्हाही कोणाच्या तरी देखरेखीत तिला मूल भेटलं पाहिजे, दर १५ दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार झाला पाहिजे आणि सलग ३० दिवसांच्या वर जायचं असेल तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. भाचा २ वर्षांचा आहे म्हणजे हे त्याला लागू होतं. फोन करायचा आणि भेटणाऱ्यांना भेटायचा हक्कही याच कायद्यात आहे. तेव्हा ३ महिने फोन नाही म्हणणाऱ्या सेंटरला सरळ विचारा की नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, बायांच्या वॉर्डात रात्री बाई कर्मचारी असते का, मुलांना भेटू देता का. उत्तरं टाळत असतील तर तिथे ठेवू नका, माझं मत एवढं स्पष्ट आहे.

पण दुसरी बाजूही सांगते, कारण तुम्ही मावशी आहात. दारू प्यायलेल्या आईकडे २ वर्षांचं मूल एकट्याने सोडायचं नाही, एक तासही नाही. मुलांना अमरावतीला पाठवण्यापेक्षा शक्य असेल तर तुम्ही किंवा आजीने काही दिवस तिच्याच घरी येऊन राहा, म्हणजे शाळा तीच, झोपायची जागा तीच, आणि दवाखान्यात भेटायला नेता येईल. मुलीला "आई गावाला गेली" असं सांगू नका, ९ वर्षांच्या मुलीने बाटल्या तुमच्या आधी पाहिल्या असतील. "आईला दारूचा आजार झाला आहे, डॉक्टर बरं करत आहेत, तुझ्यामुळे झालेलं नाही आणि तू चांगली वागलीस म्हणून बरं होणार असंही नाही," एवढं सांगा. आणि तिला पाळतीवर कधीच ठेवू नका, आईच्या तोंडाचा वास घे, बाटली शोध, ही कामं लेकराची नाहीत. भावाला दूध देणं, त्याला झोपवणं हे ती करत असेल तर हळूच तिच्या हातातून काढून घ्या.

जावयांना समुपदेशनाला सोबत न्या, कारण ती घरी परत येणार तेव्हा रात्री बाळाला कोण घेतं, तिला झोप मिळते का, घरात पाहुण्यांसाठी बाटली असते का, यावर पुढचं बरंच ठरतं. जेवणातून चोरून द्यायच्या पावडरी विकणारे बरेच आहेत, ते कृपा करून नको. दारू सोडवायचं एक खरं औषध आहे ज्यावर दारू प्यायली तर बीपी घसरून माणूस दगावू शकतो, ते रुग्णाला सांगून, तिच्या संमतीनेच द्यायचं असतं. नंतर कधी पुन्हा प्यायली तर "आम्हाला माहीतच होतं" म्हणून मुलं उचलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि सासरचे मुलं कायमची ठेवून घेऊ म्हणाले तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, तिथे जा.

प्रश्न: मी अकरावीत आहे. पप्पा वारल्यापासून मम्मी झोपेच्या गोळ्या घेते, आधी अर्धी घ्यायची, आता दिवसाला चार-पाच होतात, वेगवेगळ्या मेडिकल स्टोअरमधून आणते. मी कॉलेजातून आली की ती झोपलेलीच असते, स्वयंपाक मीच करते, लहान भावाचा डबा पण. मागच्या रविवारी मी सगळ्या गोळ्या बेसिनमध्ये टाकून दिल्या तर खूप भांडण झालं. माझं चुकलं का? कोणाला सांगितलं तर मम्मीची बदनामी होईल. — एक मुलगी, नंदनवन

उत्तर: बेटा, तू घाबरून केलंस, तुला दोष देत नाही, पण पुन्हा टाकू नको. या गोळ्या रोज घेऊन एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरच्या हिशेबाने आठवड्या-आठवड्याने थोड्या थोड्या कमी करायच्या असतात, कधी कधी काही महिने लागतात. हे मम्मीलाही सांग, कारण तिला वाटत असेल डॉक्टरकडे गेलं की ते गोळ्याच हिसकावतील. तिचं दुःख खरं आहे, त्यावर बोलायला माणूस पाहिजे होतं आणि हातात गोळी आली.

आता तुझं. घर चालवणं, भावाचा डबा आणि आईवर लक्ष ठेवणं हे तीन तीन लोकांचं काम तू एकटी करून राहिलीस आणि वरून अकरावी. मावशी, मामा, आत्या, कॉलेजमधल्या मॅडम, ज्यांच्यावर तुझा विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाला या आठवड्यात सांग. "मम्मीची बदनामी" हा शब्द डोक्यातून काढ, मम्मी आजारी आहे आणि आजार सांगितल्याशिवाय औषध मिळत नाही. सांगायला सुचत नसेल तर हे पान दाखव. कोणीच नसेल तर १०९८ ला फोन कर, हा मुलांसाठीचाच नंबर आहे, १४४१६ वर पण तू स्वतःसाठी बोलू शकतेस. मम्मी उठवूनही उठत नसेल, श्वास फार हळू चालला असेल किंवा ओठ निळे दिसले तर वाट बघू नको, शेजाऱ्यांना हाक मार आणि १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलाव. गोळ्यांवर दारूही घेते का हे माहीत असेल तर डॉक्टरांना सांग, दोन्ही मिळून श्वास बंद पडू शकतो. आणि बेटा, तू मैत्रिणींसोबत फुटाळा तलावावर गेलीस, हसलीस, तर त्यात मम्मीशी बेइमानी नाही.

प्रश्न: सून ४ महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजते आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) खाते. दूध तोडायला लावू का? खर्रा आमच्या घरात सगळेच खातात. — आजी, महाल

उत्तर: आजी, दूध तोडू नका, खर्रा तोडा. तंबाखूतलं निकोटीन दुधातून बाळाला जातं, बाळ किरकिर करतं, नीट झोपत नाही, हे खरं, पण आईचं दूध बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. सोडेपर्यंत निदान पाजायच्या आधी खाऊ नये, पाजून झाल्यावर लगेच हात-तोंड धुवावं. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवायची मोफत सरकारी लाईन आहे, तिने स्वतः फोन करावा, पाजते आहे हे आधीच सांगावं.

आणि तुम्ही, मुलगा, घरातले सगळे चघळत बसले असताना तिला एकटीला सोड म्हणणं चालणार नाही, हे तुम्हालाही कळतं म्हणूनच तुम्ही शेवटचं वाक्य लिहिलं असेल. निदान घरात खर्ऱ्याची पन्नी आणणं उद्यापासून बंद करा. बाळ रांगायला लागलं की खाली पडलेलं तोंडात घालणारच, आणि खर्ऱ्याचा एक घास एवढ्याशा लेकराला विषासारखा आहे. कोणाला तिखट लागलं की तोंडात आग होत असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल तर सरकारी डेंटल कॉलेजला दाखवून घ्या, मेडिकलच्या आवारातच आहे.