जाती की प्रजाती? आणि 'ठरवतो' की 'सुचवतो'?

नाशिकच्या एका शिक्षिकेने शाळेच्या भित्तिपत्रकासाठी वाक्य लिहिलं: 'मायटोकाँड्रियल डीएनए सस्तन प्राण्यांच्या प्रजातींची सीमा ठरवतो.' इथे 'प्रजाती' बरोबर की 'जाती', असं त्या विचारतात.

'जाती' लिहा. आपल्या पाठ्यपुस्तकांत सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी आहे. पँथेरा ही प्रजाती. तिच्यात वाघ, सिंह, जग्वार, बिबट्या सगळे आले. पँथेरा पार्डस ही जाती, म्हणजे निफाडच्या उसात दिसतो तो बिबट्या. हिंदीत आपल्या जातीला 'प्रजाति' म्हणतात, तिथून तो अर्थ आपल्या बातम्यांत शिरला. 'जात' म्हटलं की समाजातली जात आठवते, म्हणूनही लोक बिचकत असावेत. ते समजण्यासारखं आहे, पण त्यापायी दोन पायऱ्यांना एकच नाव पडतं. 

मला जास्त खटकलं ते 'ठरवतो' हे क्रियापद. हा डीएनए म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया या घटकातला डीएनए. सस्तन प्राण्यांत तो फक्त आईकडून येतो. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मुख्यतः बापाकडची पिढी सापडते. इथे नेमकं उलटं, आई, आजी, पणजी एवढीच ओळ. माणसात त्यात जेमतेम 37 जनुकं असतात. त्यातल्या सायटोक्रोम बी या जनुकावरून 2001 साली ब्रॅडली आणि बेकर या संशोधकांनी सस्तन प्राण्यांसाठी ढोबळ माप सुचवलं: दोन प्राण्यांच्या या जनुकातला फरक 2 टक्क्यांहून कमी असेल तर बहुधा एकच जाती, 11 टक्क्यांहून जास्त असेल तर बहुधा वेगळ्या, आणि मधल्या पट्ट्यात आणखी अभ्यास हवा. हा 'बहुधा' वाक्यातून गळता कामा नये.

आफ्रिकेतले हत्ती बघा. गवताळ प्रदेशातल्या काही हत्तींमध्ये जंगलहत्तींचा मायटोकाँड्रियल डीएनए सापडतो. पूर्वी कधीतरी जंगलहत्तिणींचा गवताळ भागातल्या नरांशी संकर झाला. मग त्यांच्या लेकी-नातींचाही त्याच नरांशी होत गेला. पेशीच्या केंद्रकातला, म्हणजे आईबाप दोघांकडून येणारा, जंगलहत्तींचा वारसा पिढ्यान्‌पिढ्या पुसट होत गेला, आईकडचा तेवढा जसाच्या तसा उरला. नुसता तोच पाहिला असता तर हे हत्ती जंगलहत्तींत जमा झाले असते. केंद्रकातल्या डीएनएने दोन्ही वेगळे दाखवले, आणि 2021 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेनेही त्यांचं मूल्यमापन दोन जाती म्हणून केलं. शिवाय हत्तिणी कळपातच राहतात, नर दूर जातात. त्यामुळे आईकडच्या ओळीत दिसणारी फट प्रत्यक्षाहून मोठीही वाटू शकते.

म्हणून वाक्य असं करा: 'मायटोकाँड्रियल डीएनए सस्तन प्राण्यांच्या जातींमधली सीमा सुचवतो, ती पक्की करायला केंद्रकातला डीएनए, शरीररचना आणि वर्तनही पाहावं लागतं.' मायटोकाँड्रियासाठी पाठ्यपुस्तकातला 'तंतुकणिका' हा शब्दही चांगला आहे. मुलांना तो वर्गात भेटलेला असतो, तेव्हा भित्तिपत्रकावर 'तंतुकणिकेतला डीएनए' असं लिहिलं तरी चालेल.