राग, शुक्रवार आणि भावाशी अबोला

ख्रिस्ती सद्गुण रोजच्या जगण्यात कसे रुजवायचे, यावर आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत.

दर उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) ‘यंदा चिडायचं नाही’ असं ठरवते. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो, त्यानंतर चार दिवससुद्धा टिकत नाही. काय चुकतं? — मडगाव

‘चिडायचं नाही’ या संकल्पाला ना वेळ आहे ना जागा, म्हणून तो हातात धरता येत नाही. पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त राग कधी येतो ते टिपून ठेवा. बहुतेकांच्या दोन-तीन वेळा ठरलेल्या निघतात: सकाळी डबे भरताना, ऑफिस सुटायच्या आधी, मुलांचा अभ्यास घेताना. त्यांतली एकच निवडा आणि तिथे करायची उलट कृती ठरवा. उदाहरणार्थ, समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (1:19) क्रमही असाच आहे: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागवायला सावकाश.

मोजण्यासाठी येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस यांची जुनी पद्धत अजून उपयोगी पडते. वहीत रोजच्या दोन रेघा ओढा. सकाळी उठल्यावर तो एकच दोष मनाशी आणायचा. दुपारच्या जेवणानंतर मागे वळून पाहायचं आणि जितक्या वेळा घसरलात तितकी टिंबं वरच्या रेघेवर द्यायची. रात्रीच्या जेवणानंतर तसंच खालच्या रेघेवर. मधल्या वेळात चूक झाली की तिथल्या तिथे छातीवर हात ठेवायचा. शेजारच्याला कळतही नाही. मग खालची रेघ वरच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

सुरुवातीला टिंबं बहुधा वाढतात आणि लोक तिथेच वही मिटतात. राग वाढलेला नसतो, आता तो लक्षात यायला लागलेला असतो. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे राग, आळस आणि चहाड्या एकदमच मोजायला घेणं. एक दोष उतरणीला लागेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. आणि झोप पाच तासांचीच होत असेल, तर आधी झोप वाढवा. प्रत्येक चिडचिड आत्मिक नसते.

तरीही तोंडून निघून गेलंच, तर माफी त्याच दिवशी मागा. इफिसकरांस पत्रात (4:26) सूर्यास्ताची मुदत दिली आहे. माफीत ‘पण’ आला की ते समर्थन होतं.

शुक्रवारी मटण-चिकन सोडतो, इसवण (सुरमई) खातो. चालतं का? — वास्को

चर्चच्या नियमाने चालतं. वर्ज्य मांस आहे, मासळी नाही. वयाच्या 14 वर्षांपासून हे लागू होतं. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवासही असतो, तो 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत: एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं, पण ते दोन्ही मिळून दुसरं पूर्ण जेवण होता कामा नये. आजारी माणसांना सूट आहे.

पण गोव्यात मटणावाचून कोणाचं अडतं? तुम्हाला अवघड जाईल अशी वस्तू सोडा, म्हणजे बहुधा मासळीच. वाचलेले पैसे त्याच आठवड्यात गरजूला द्या, आणि घरातल्या एखाद्याखेरीज कोणाला सांगू नका.

वडिलांच्या घराच्या वाटणीवरून भावाशी बोलणं बंद आहे. फादर म्हणतात, क्षमा कर. म्हणजे हक्क सोडायचा? — म्हापसा

नाही. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मूलभूत सद्गुण मानले जातात. न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं, आणि त्यात तुमचा वाटाही आला. क्षमा म्हणजे भावाचं वाईट व्हावं ही इच्छा सोडणं. ती तुम्ही एकट्याने करू शकता. समेटाला दोघं लागतात. वाटणी हा कागदाचा मामला आहे. गोव्यात तो इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमधून, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कोर्टातल्या प्रक्रियेतून सुटतो, त्यासाठी 2012 चा कायदा आहे. या तिन्हींची गल्लत झाली की माणूस एक तर सही करून आयुष्यभर कुढतो, नाही तर दावा चालू आहे म्हणून मयतालाही जात नाही.

आजपासून रोज भावाचं नाव घेऊन प्रार्थना करा. ‘त्याला अक्कल दे’ ही प्रार्थना नव्हे; त्याच्या मुलांसाठी, तब्येतीसाठी मागा. चर्चच्या दारात दिसला तर नमस्कार तुम्ही आधी करा. मुलांच्या हाती निरोप पाठवू नका.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात वाद मिटवायचा क्रम दिला आहे: आधी दोघांत, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. आपण नेमका उलटा लावतो. आधी अख्ख्या वाड्याला कळतं, भावाला सगळ्यात शेवटी. साक्षीदार दोघांचा विश्वासातला हवा, आणि त्या घरात त्याचा काडीचाही स्वार्थ नसावा. बैठक वादातल्या घरात ठेवू नका. मारहाणीची भीती असेल तर एकट्याने जाऊच नका, वकिलामार्फत बोला.

रात्री आत्मपरीक्षण करते आणि अपराधी वाटून झोप लागत नाही. — फोंडा

क्रम बदलून पाहा. इग्नेशियस यांच्या परीक्षणात पाच पायऱ्या आहेत: देवाचे आभार, प्रकाशाची याचना, दिवस तासातासाने पाहणं, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय. तुम्ही बहुधा तिसरीपासून सुरू करता. आधी आजच्या तीन नेमक्या गोष्टींचे आभार माना. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ पुरत नाही. एकूण 15 मिनिटं, अंथरुणात नको, जेवणानंतर खुर्चीवर बसून करा.

कुमसारात (धर्मगुरूंपुढच्या पापकबुलीत) एकदा सांगितलेलं पाप पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटत असेल, तर एकच धर्मगुरू धरा आणि ते ‘झालं’ म्हणाले की थांबा. खुद्द इग्नेशियस 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे याच छळातून गेले. मागची पापं पुन्हा सांगायची नाहीत असं ठरवल्यावरच ते सुटले. तरीही तेच विचार दिवसभर घोळत राहिले, कामं अडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. अशा विचारांवर औषध आणि उपचार आहेत, आणि ते घेतल्याने श्रद्धा कमी पडली असं होत नाही.