'बेकायदा लढवय्या' की 'बेकायदा लढणारा'?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी युद्धविषयक कायद्यातल्या 'अनलॉफुल कॉम्बॅटंट' (unlawful combatant) या संज्ञेला मराठीत 'बेकायदा लढवय्या' म्हटलं तर चालेल का? आणि पकडलेला माणूस अमेरिकेचाच नागरिक असेल, तर तो 'युद्धकैदी' की आणखी कोणी?

आधी 'लढवय्या'कडे बघू. हा शब्द आपल्याकडे कौतुकाचा आहे. हातातून गेलेला सामना खेचून आणणाऱ्याला आपण लढवय्या म्हणतो, दुखण्याशी झुंजणाऱ्यालाही म्हणतो. त्याला 'बेकायदा' जोडलं की शाबासकी आणि शिवी एकदमच दिल्यासारखं होतं. 'योद्धा'चीही तीच गत. मूळ शब्दात ना स्तुती आहे ना निंदा. लढाईत भाग घेणारा, एवढंच. म्हणून मी सरळ 'लढणारा' लिहीन. शब्द जरा ओबडधोबड वाटेल, पण त्यात एक गंमत आहे. 'बेकायदा लढवय्या'मध्ये माणूसच बेकायदा ठरतो. 'बेकायदा लढणारा'मध्ये 'बेकायदा' क्रियेला चिकटतं: कसा लढला? बेकायदा. आणि कायद्यालाही तेच म्हणायचं आहे.

1942 च्या जूनमध्ये आठ जर्मन घातपाती पाणबुड्यांतून अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर उतरले, लष्करी कपडे वाळूत पुरून साध्या वेशात देशात शिरले. त्यांचा खटला लष्करी आयोगापुढे, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या न्यायमंडळापुढे चालला. 'क्विरिन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फरक मांडला तो असा: कायदेशीर लढणारा सापडला तर त्याला युद्धकैदी म्हणून ठेवायचं, बेकायदा लढणाऱ्यालाही ठेवता येतं, शिवाय ज्या कृत्यांमुळे त्याचं लढणं बेकायदा ठरलं त्यांबद्दल शिक्षाही करता येते. आठांपैकी हर्बर्ट हाउप्ट आपण अमेरिकी नागरिक असल्याचं सांगत होता. नागरिकत्वामुळे बेकायदा लढण्याचे परिणाम टळत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. 8 ऑगस्टला सहा जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यांत हाउप्टही होता.

म्हणजे 'युद्धकैदी' हे नुसतं वर्णन नाही, तो दर्जा आहे. 'कैदी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुन्हेगार येतो. इथे उलट आहे. केवळ शत्रूशी लढला म्हणून युद्धकैद्यावर खटला भरता येत नाही. 1949 चा तिसरा जिनिव्हा करार त्याला हे संरक्षण देतो. युद्धात पकडलेला प्रत्येक जण युद्धकैदी, असं बातम्यांत सर्रास लिहितात, ते चूक.

आता नागरिकाचा मुद्दा. यासर हमदी लुइझियानात जन्मलेला, 2001 मध्ये अफगाणिस्तानात पकडलेला. त्याच्यावर आरोपपत्र नव्हतं, खटला नव्हता, तरी तो तीन वर्षांच्या आसपास अमेरिकेच्या कोठडीत होता. इथे 'अटक' नको, कारण तिच्यामागोमाग आरोप आणि खटला येतो असं आपण धरून चालतो. 'कैद'ला शिक्षेचा वास आहे. नेमका शब्द 'स्थानबद्ध'. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही स्थानबद्धता मान्य केली, पण तिचं कारण त्याला सांगा आणि निष्पक्ष अधिकाऱ्यापुढे ते खोडून काढायची संधी द्या, असंही बजावलं. युद्ध म्हणजे राष्ट्राध्यक्षांना नागरिकांच्या हक्कांवर दिलेला कोरा चेक नव्हे, हे न्यायमूर्ती ओ'कॉनर यांचं वाक्य त्यातलंच. न्यायमूर्ती स्कॅलिया यांचं मत वेगळं होतं: नागरिक आहे ना, मग फौजदारी खटला भरा, देशद्रोहाचा भरा, नाहीतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, हेबिअस कॉर्पस (कोठडी कायदेशीर आहे का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क) स्थगित करावं. (हा 'देशद्रोह' आहे, 'राजद्रोह' नव्हे. अमेरिकी संविधानात देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला साथ देणं एवढीच त्याची व्याख्या आहे. 'राजद्रोह' म्हणजे सरकारविरुद्ध चिथावणी.)

पुढे लष्करी आयोगांबद्दलच्या 2009 च्या अमेरिकी कायद्यात 'अनलॉफुल' जाऊन 'अनप्रिव्हिलेज्ड' आलं. त्याला 'विशेषाधिकारविहीन' म्हणू नये, जीभ अडखळते. 'लढण्याचा हक्क नसलेला' पुरे. त्या कायद्यातले लष्करी आयोग मात्र परकीयांसाठीच आहेत, तेव्हा नागरिकाबद्दलच्या मजकुरात तो शब्द वापरताना जपून.

हमदीबद्दल मी असं लिहीन: 'शत्रूच्या बाजूने लढल्याच्या कारणावरून स्थानबद्ध केलेला अमेरिकी नागरिक'. हे ऑक्टोबर 2004 पर्यंतच. सुटकेच्या अटीनुसार त्याने नागरिकत्व सोडलं आणि तो सौदी अरेबियाला गेला. त्यानंतरच्या मजकुरात 'माजी' जोडायला हवं.