संदेष्टा, प्रेषित की भविष्यवेत्ता?

प्रश्न असा आहे: बायबलमधल्या ‘प्रॉफेट’ला मराठीत संदेष्टा म्हणावं, प्रेषित की भविष्यवेत्ता?

‘संदेष्टा’च म्हणावं. मराठी बायबलात तो रूढ आहे आणि अर्थालाही चोख बसतो. सम् + दिश् या धातूपासून ‘संदेश’ आला, तसाच ‘संदेष्टा’ही, म्हणजे निरोप सांगणारा. मूळ हिब्रू शब्द ‘नावी’; अरबीतला ‘नबी’ त्याच्याच नात्यातला.

नावी म्हणजे काय, हे बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकात (7:1) स्वच्छ कळतं. मोशे जिभेचा जड, म्हणून देव त्याला म्हणतो की तुझा भाऊ अहरोन तुझा संदेष्टा होईल. अहरोनाने फारोसमोर, म्हणजे इजिप्तच्या राजासमोर, मोशेच्या वतीने बोलायचं आहे, भविष्य वर्तवायचं नाही. आमोस हा संदेष्टाही आधी वर्तमानावरच बोट ठेवतो: वहाणांच्या एका जोडासाठी तुम्ही गरिबाला विकता (2:6).

भविष्यकथन त्यात येतंच. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाप्रमाणे (18:22) खोटा संदेष्टा ओळखायची खूणच ही, की त्याचं बोलणं खरं ठरत नाही. पण पुष्कळदा ते सशर्त असतं. योना निनवेत सांगतो, चाळीस दिवसांत हे नगर उलथून पडेल. लोक पश्चात्ताप करतात आणि नगर वाचतं. योनाला ‘भविष्यवेत्ता’ म्हटलं तर त्याचं भाकीत फसलं असं म्हणावं लागेल. खरं तर तो इशारा होता आणि तो लागू पडला. ‘भविष्यवेत्ता’ मला इथे म्हणूनच नको वाटतो.

‘प्रेषित’ने वेगळाच घोटाळा होतो. इस्लामच्या संदर्भात ‘प्रेषित’ किंवा ‘पैगंबर’ बरोबर आहे, पण ख्रिस्ती मराठीत प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले पेत्र, पौल वगैरे. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक त्यांचंच. इफिसकरांस 2:20 मध्ये प्रेषित आणि संदेष्टे शेजारी शेजारी येतात. दोन्हींना एकच शब्द वापरला तर ते वाक्य भाषांतरितच करता येणार नाही. त्यामुळे ‘प्रेषित यशया’ चूक.

लिहिताना ष्ट हवा, ‘संदेष्ठा’ नव्हे. रूपं ‘द्रष्टा’सारखी: संदेष्टे, संदेष्ट्याने, संदेष्ट्यांना. मिर्याम, दबोरा, हुल्दा या स्त्रियांसाठी संदेष्ट्री. आणि ‘द्रष्टा’ हा शब्द वेगळा राखून ठेवावा, कारण 1 शमुवेल 9:9 सांगतं की ज्याला आता संदेष्टा म्हणतात त्याला पूर्वी द्रष्टा म्हणत.