शाळेत शिक्षक नाहीत, पोट पोरीचं दुखतंय

जून उजाडला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचं एक वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, शाळेत शिक्षकच नाहीत हो, आमच्या पोरांचं काय होणार?" दिवाळीनंतर तेच वाक्य चिडून येतं, मार्चमध्ये रडून. बोलणारे बदलतात. कधी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं घातलेले शेतकरी, कधी नगरपालिका शाळेतल्या मुलाचे रिक्षावाले वडील, एकदा तर स्वतः एक शिक्षिका, जिची मुलगी तिच्याच केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळेत होती. गाऱ्हाणं साधारण सारखंच असतं. चार वर्गांना एक शिक्षक, तोही निम्मा वेळ कागदात आणि मोबाइलवरच्या माहितीत अडकलेला. बिल थकलं म्हणून लाईट तोडलेली. खडू सर स्वतःच्या खिशातून आणतात.

यावर 'पालकांनो, सकारात्मक राहा' असं काहीतरी लिहा, असा आग्रह मला अधूनमधून होतो. ते मी लिहिणार नाही. दोन शिक्षक हवेत तिथे एकच असेल आणि आईला काळजी वाटत असेल, तर तिचं डोकं ठिकाणावर आहे. माझं काम सुरू होतं ते ही काळजी घरात शिरल्यावर कुणाच्या अंगावर जाते, तिथून. त्यासाठी एक केस सांगते. तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

नाशिक जिल्ह्यातल्या एका वाडीवरची चौथीतली मुलगी. सकाळी दप्तर भरायची वेळ झाली की पोट धरून बसायची, शाळेची वेळ टळली की बरी व्हायची. सुट्टीच्या दिवशी काही नाही. बालरोगतज्ज्ञांनी जंताचं औषध दिलं, सोनोग्राफी करून पाहिली आणि शेवटी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत आई पोटाबद्दल फार बोललीच नाही, शाळेबद्दलच बोलत राहिली. पट ३८. शिक्षक दोन मंजूर. बाईंची आंतरजिल्हा बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उरलेले सर मुख्याध्यापकाचा कारभार बघतात, मतदारयादीचं काम त्यांच्याचकडे, प्रशिक्षण असलं की तालुक्याला जातात. "आमच्या जाऊबाईंची दोघं इंग्रजी शाळेत जातात. पिवळी व्हॅन दारात येते रोज. हॉर्न वाजला की मला कसंतरीच होतं मॅडम."

"आणि संध्याकाळी पोरीशी काय बोलणं होतं?"

"काय होणार? आज सर होते का, काय शिकवलं, वही दाखव."

"रोज?"

"रोज. नाही विचारायचं का?"

मुलगी शेजारी बसून ओढणीच्या टोकाला गाठी मारत होती. आईची.

पुढच्या वेळी आई पुरावाच घेऊन आली. दप्तर टेबलावर उपडं केलं आणि एकेक वही उघडून दाखवायला लागली. मराठीच्या वहीत पंधरा-पंधरा दिवसांची भगदाडं. परिसर अभ्यासाची वही जवळजवळ कोरी. "बघा तुम्हीच. गणिताचं तेवढं होतं म्हणायचं." गणिताच्या वहीत खरंच रोजची तारीख होती. खाली सुबक अक्षरात उदाहरणं, समासाला पट्टीने आखलेली रेघ. मी सहज पानं उलटत होते आणि एका तारखेपाशी थांबले. भिंतीवर कॅलेंडर होतं, नजर गेली. तो रविवार होता.

मग नीट पाहिलं. आठ-दहा पानं एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेली. उदाहरणं पाठ्यपुस्तकातली, ओळीने उतरवलेली. लाल पेनाची खूण कुठेही नाही.

अशा वेळी तोंडातून शब्द काढायची घाई करायची नाही, हे मला आता जमतं. आईला बाहेर चहाला पाठवलं. मुलीला विचारलं, "रविवारीपण गणित झालं होय गं?"

बराच वेळ ती पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई वही बघते. वही कोरी असली की तिचं डोकं दुखतं. मग ती पप्पांशी भांडते."

"म्हणून तू लिहितेस?"

"मधल्या सुट्टीत लिहिते. एकदम लिहून ठेवते, चार दिवसांचं."

शिक्षकांची रिकामी जागा ही नऊ वर्षांची पोर भरून काढत होती. मधल्या सुट्टीत, स्वतःच्या हाताने तारखा टाकून. पोटात दुखलं नसतं तरच नवल. पोटदुखीला शाळा कारण नव्हती. शाळेत तिला आवडायचं, पहिलीच्या मुलांना पाढे म्हणून दाखवायला सर तिलाच उभं करत. संध्याकाळची उलटतपासणी सकाळीच दिसायला लागायची, त्याने पोट दुखायचं. हे मला त्या रविवारच्या तारखेने दाखवलं, आणि ती तारीख नजरेतून सुटली नाही याचं समाधान मला आजही आहे.

आईला हे सांगणं नाजूक होतं. मुलीची परवानगी घेऊन, तिच्यासमोरच सांगितलं. आई एकदम गप्प झाली. मग पदर तोंडाला लावून रडली, आणि पोरगी उठून तिला पाणी द्यायला लागली. मी म्हटलं, "बाळा, तू बस. पाणी मी देते." तेवढं एक वाक्य त्या दिवशी पुरेसं होतं.

आता माझी विचारांची बैठक सांगते, कारण पुढचं तिच्यावरच उभं आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मी मानते. घडलेली गोष्ट आणि होणारा त्रास यांच्या मधे माणूस स्वतःशी काहीतरी बोलत असतो. ते बोलणं सापडलं की निम्मं काम झालं. या ताईंचं, म्हणजे मुलीच्या आईचं, बोलणं असं सापडलं:

"वही कोरी दिसली की मनात काय येतं?"

"आजचा दिवस फुकट गेला."

"मग?"

"मग असेच दिवस जायचे."

"मग?"

"मग काय मॅडम, ती माझ्यासारखीच राहायची. दुसऱ्याच्या वावरात कांदे लावायला जायची. आणि तिला त्या शाळेत घातली मीच."

शिक्षक नाही, हे खरं. ते मी त्यांना खोटं ठरवून दिलं नाही. पण कोऱ्या वहीपासून कांद्याच्या वावरापर्यंतची वाट त्यांनी मनातल्या मनात रोज संध्याकाळी पाच मिनिटांत चालून पूर्ण केलेली होती, आणि प्रत्येक वळणावर दोष स्वतःला दिला होता. जिल्हा परिषदेने न भरलेल्या जागेचा दोष एक आई स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होती. हे मी फार घरांत पाहते. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, अपराधी त्यांनाच वाटतं.

मुलीला काय येतं, हे आधी पाहू असं ठरलं. शाळेत काय झालं आणि पोरीला काय येतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पालक ते एकत्र करतात. तिला बालभारतीतला धडा वाचायला दिला. तो तिने सरळ वाचला आणि आपल्या शब्दांत सांगितलाही. गुणाकार जमला. भागाकारात मात्र अडली, अगदी पहिल्याच पायरीला.

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच म्हणू नका, भागाकार मोठी गोष्ट आहे. पण ती भागाकाराएवढीच आहे."

घरी वडिलांना एक काम दिलं. दूध डेअरीचा हिशोब दर दहा दिवसांनी होतो, त्या पावत्या पोरीपुढे ठेवायच्या. एकूण लिटर किती, रोजचे सरासरी किती, पगार कितीचा. वडील आधी कुरकुरले, पण त्या माणसाला हिशोब आवडतो हे दिसत होतं. आईचं काम त्याहून अवघड होतं. वही तपासायची नाही. विचारायचंच तर 'आज कुणाशी खेळलीस' एवढंच.

मग उरला राग. बरेच समुपदेशक इथे राग शांत करायला जातात, मला ते पटत नाही. राग रास्त होता, फक्त तो दप्तरावर निघत होता. तो जिथे जायला हवा तिथला पत्ता पालकांना कुणी सांगत नाही. म्हणून थोडं कायद्याचं, कारण हे ऐकून आत्तापर्यंत कितीतरी पालकांचे खांदे खाली आलेले मी पाहिलेत.

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. ३८ पटाच्या शाळेत दुसरा शिक्षक मागणं म्हणजे कुणाकडे उपकार मागणं नव्हे. मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त पदं रिक्त राहू नयेत, असंही हाच कायदा म्हणतो. शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम देऊ नये, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद आहे. त्यामुळे मतदारयादीसाठी फिरणाऱ्या सरांवर चिडून उपयोग नाही, ते काम त्यांनी मागून घेतलेलं नाही. आणि जागा का साचल्या? भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात माणसं निवृत्त होत राहिली. पैशांचं म्हणाल तर एवढ्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा अभियानाच्या निकषाने वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान बसतं. लाईटबिल, खडू, डागडुजी, स्वच्छता, सगळं त्यातच. खडू सरांच्या खिशातून का येतात ते यावरून कळेल.

"पण आम्ही अर्ज केला आणि सरांनी पोरीवर राग काढला तर?" वडील म्हणाले. हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. मी सांगितलं, आधी सरांनाच जाऊन भेटा. सर नोकर आहेत, आपल्या खात्याविरुद्ध ते काय लिहिणार? तुम्ही लिहू शकता. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि मुख्याध्यापक तिचे सचिव असतात. समितीने ठराव केला तर तो त्यांच्याच हाताने रजिस्टरात जातो.

आठवड्याने ताई आल्या त्या हसू दाबत. "मॅडम, मीच आहे त्या समितीत." मागच्या वर्षी रजिस्टर घरी आलं होतं, 'इथे सही करा' म्हणून यांनी केली होती. इतिवृत्तात त्यांच्या नावाने एका ठरावाला अनुमोदनसुद्धा होतं, क्रीडा साहित्याच्या. सर ओशाळले. मग स्वतःच म्हणाले, बरं झालं तुम्ही आलात, मी तीन वेळा तोंडी सांगून थकलोय.

ठराव झाला. त्याच्यासोबत अर्ज गेला गटशिक्षणाधिकाऱ्यांना, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. पोच घ्यायची हे मी दोनदा बजावलं होतं, कारण बिनपोचेचा अर्ज म्हणजे नुसतं बोलणं. कायद्याने स्थानिक प्राधिकरणाला अशा लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तेही त्यांनी अर्जात लिहिलं.

'शाळाच बदलू का' हेही याच पालकांचं दुसरं वाक्य. बदला, जर तिथे खरंच शिकवणारी माणसं असतील आणि फी भरताना घरात रोज भांडण होणार नसेल. मात्र जाऊन वर्गात दहा मिनिटं बसा. तिथे प्रत्येक वर्गात कुणीतरी उभं असतं म्हणून जागा भरल्यासारखी दिसते. त्या व्यक्तीचं शिक्षण काय, पगार किती, ती पुढच्या वर्षी टिकेल का, हे विचारायचं पालकांना सुचत नाही. उलट बाजूनेही सांगते. पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, ठरते, मुलं कमी झाली की पद जातं, म्हणून 'तुम्ही पोरगी काढू नका, शाळा बंद पडेल' असा दबाव काही गावांत येतो. शाळा वाचवायचं ओझं नऊ वर्षांच्या मुलीच्या पाठीवर टाकू नका. तिने एक जागा आधीच भरून पाहिली होती.

या घराने शाळा बदलली नाही. जाऊबाईंशी बोलणं मात्र बदललं, कसं ते ताईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पोट दुखायचं थांबलं, परीक्षेच्या आधी एकदा परत दुखलं. भागाकार दोन अंकी भाजकापर्यंत आलाय. मराठीच्या वहीतली भगदाडं तशीच आहेत आणि ती कुणी बुजवत नाही.

अर्जावर उत्तर आलं ते अर्धं. शेजारच्या गावातल्या एका शिक्षिकेला आठवड्यातले तीन दिवस इकडे कामगिरीवर पाठवलं. म्हणजे त्या गावात तीन दिवस एक शिक्षक कमी. परवा तिथल्याच एका आईचा मला फोन आला, वाक्य तेच. मी ताईंना तिचा निरोप देऊ का विचारलं, ती हो म्हणाली. तीन महिन्यांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. पंचायत समितीत आता दोन्ही गावांच्या आया मिळून जाणार आहेत, एकच अर्ज घेऊन. त्याचा मसुदा ताईंनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. शुद्धलेखन तेवढं मी सुधारलं.