शेजारी बसण्याआधी

दिव्यांग कलाकारासोबत पहिल्यांदाच काम करणार आहेस, तर शिकवायची घाई करू नकोस. अमेरिकेतल्या ओकलंडच्या 'क्रिएटिव्ह ग्रोथ' या दिव्यांग कलाकारांच्या स्टुडिओत ज्युडिथ स्कॉट १९८७ साली आल्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, डाउन सिंड्रोम होता. चित्रकलेत मन रमेना. मग सूत हाती लागलं, आणि सापडेल ती वस्तू धाग्यांत गुंडाळत त्यांनी घडवलेली शिल्पं आज मोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यांना कुणी अडवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून साहित्य भरपूर मांडून ठेव. काम कधी पूर्ण झालं ते तुझ्या सोबतच्या कलाकारालाच ठरवू दे. मदत विचारूनच कर. जोडीनं काही केलंत तर दोघांची नावं सारख्याच अक्षरांत लाव, मानधनही सारखंच माग. प्रदर्शनाच्या दाराशी नुसत्या पायऱ्याच असतील, तर जागा बदल.