जुन्या गाडीचे मूळ पार्ट ठेवावेत की बाजारातले नवे लावावेत?

जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे मूळ पार्टचा हट्ट धरूच नका. ब्रेकचे होज (ब्रेकचं तेल नेणारे रबरी पाइप), व्हील सिलिंडरची (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागाची) रबरं, टायर, पेट्रोलचे पाइप नवेच घाला. रबर न वापरताही खराब होतं. ब्रेकचा होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून तेल अडवतो. मग पेडल सोडलं तरी चाक धरलेलंच राहतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर जुन्या रबराला आणखी लवकर खातं.

धातूच्या पार्टचं मात्र उलट. गाडी आयडलिंगला (उभी असताना, अॅक्सिलरेटर न दाबता) टिकत नाही म्हणून अख्खा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बदलू नका. पुष्कळदा त्यातल्या थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) दांड्याची भोकं झिजून तिथून हवा ओढली जात असते. चांगल्या लेथवाल्याकडून त्या भोकांत बुश (धातूची छोटी नळी) बसवून घ्या, गॅस्केट (जोडामधली पातळ पट्टी) बदला. मूळ बॉडी अजून कित्येक वर्षं चालेल. मीटर, दिवे, बॅज आणि मूळ नंबरचं इंजिन तर जपाच.

काढलेला पार्ट भंगारात देऊ नका, चिठ्ठी लावून ठेवा. बाजारातल्या पार्टची भोकं अनेकदा जुळत नाहीत, तेव्हा माप जुन्या पार्टवरूनच घ्यावं लागतं.